कृष्णाबाईच्या खोऱ्यात : कोणती वाट कोणासाठी?

माघाची थंडी सरत आली, की वाईच्या घाटांवर मांडव उभे राहू लागतात. कृष्णाबाईचा उत्सव आला, हे मग कोणी कोणास सांगावे लागत नाही. भीमकुंड आळी, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी अशा एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईची स्थापना होते. अभिषेक, पारायणे, कीर्तने, हळदीकुंकू आणि महाप्रसाद यांनी तो तो घाट काही दिवस गजबजून जातो. पुण्या-मुंबईस स्थायिक झालेल्या वाईकरांची येथील घरे या दिवसांत पुन्हा भरतात. माहेरवाशिणी येतात, जावई येतात, शहरातच वाढलेली नातवंडे प्रथमच नदीच्या पायऱ्यांवर बसून पत्रावळीवर जेवतात.

नदीस आई म्हणणारी गावे आपल्या देशात पुष्कळ आहेत. परंतु तिचा उत्सव आळीआळीने वाटून घेणारे गाव विरळाच. परंपरा अशी सांगते की, १६५९ मध्ये अफझलखानाची छावणी वाईस पडली असता येथील भाविकांनी शिवाजी महाराजांच्या यशासाठी कृष्णामाईस नवस केला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा निकाल लागल्यावर तो या उत्सवाच्या रूपाने फेडला. संकटकाळी गावाने नदीकडे पाहिले. ती कृतज्ञता आजही मांडवामांडवांतून वाहते आहे.

प्रसादाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळी, घरोघर एक प्रश्न हमखास निघतो : "आज कुठे जायचे?" चहूकडे डोंगर, प्रत्येक डोंगरावर एखादे दैवत, आणि घरात पाच वर्षांच्या नातवापासून पंचाहत्तरीच्या आजीपर्यंत सारी मंडळी जमलेली. प्रश्न साधा दिसतो; पण तो साधा नाही. आमच्या घरी एके वर्षी आम्ही त्याचे उत्तर चुकीचे दिले. त्या चुकीने आम्हांस जे शिकविले, ते उत्सवाच्या या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खोऱ्याची ओळख

जुन्या महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांपैकी कृष्णा डोंगरकडे उतरून पूर्वेकडे येते, धोमच्या धरणात क्षणभर विसावते आणि मग वाईच्या घाटांना स्पर्श करून पुढे सुमारे १,४०० किलोमीटरच्या प्रवासास निघते. बंगालच्या उपसागरास मिळणाऱ्या या महानदीचे बाळरूप पाहावयाचे असेल, तर ते वाईच्या खोऱ्यातच.

वाईच्या पुलावर उभे राहून दृष्टी फिरविली, की खोऱ्याची रचना ध्यानात येते. नैऋत्येस पसरणीचा घाट आणि त्याच्या माथ्यावर पाचगणीची पठारे, वायव्येस पांडवगड, त्याच्याही पलीकडे मांढरदेवचा डोंगर, आग्नेयेस वैराटगड, आणि पश्चिमेस धोमच्या जलाशयापलीकडे कमळगड, केंजळगड आणि रायरेश्वर. वाई हीच विराटनगरी, पांडवांनी अज्ञातवासाचे वर्ष येथेच काढले, अशी लोकांची श्रद्धा आहे. पांडवगड आणि वैराटगड ही नावे तीच कथा सांगतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० फूट उंचीवर आहे आणि भोवतालचे माथे चार ते साडेचार हजार फुटांच्या आसपास. म्हणजे कोणत्याही गडावर जावयाचे, तर दीड-दोन हजार फुटांची चढण चढावीच लागते. हा आकडा घरातून निघण्यापूर्वी ज्याने त्याने मनात धरावा. आम्ही तो धरला नव्हता.

आमची चूक

त्या वर्षी आमच्या आळीचा प्रसाद झाला आणि दुसऱ्या दिवशी तरुण मंडळींनी पांडवगडाचा बेत केला. घरात आमच्या आत्याबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढे. पण कृष्णाबाईच्या प्रसादास एकही वर्ष न चुकविलेल्या. "आत्याबाई, वर पांडजाईचे दर्शन घडेल," असे आम्ही म्हणालो आणि त्यांनी नेहमीप्रमाणे मान हलविली. ती मान होकाराची की सवयीची, हे कोणी पाहिले नाही.

निघता निघता नऊ वाजले. मेणवलीतून जाताना आत्याबाई घाटाकडे वळून पाहत क्षणभर थांबल्या. पण ऊन होईल म्हणून आम्ही त्यांना पुढे घेतले. गडाची वाट मेणवलीमागूनच चढते. अर्ध्या चढावर, एका उघड्या सोंडेवर, त्या खाली बसल्या. आजूबाजूस झाड नव्हते. "अरे, तुम्ही जा वर. देवीला माझा नमस्कार सांगा," असे त्या म्हणाल्या आणि आम्ही खरोखरच गेलो. त्यांच्यापाशी एका लहानशा तांब्याएवढेच पाणी होते.

माथ्यावर पोहोचून, दर्शन घेऊन आम्ही परत आलो तेव्हा अडीच तास उलटले होते. पदर डोक्यावर ओढून त्या तेथेच बसल्या होत्या; ओठ सुकलेले, बोलणे तुटक. त्यांना सावरत, बसवत, उठवत खाली आणावयास संध्याकाळ झाली. मेणवलीत एका माउलीने गुळाचा खडा आणि पाणी दिले, तेव्हा कोठे त्यांना तरतरी आली. रात्री पाय चेपीत असता आम्ही क्षमा मागितली. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही रे. मला मेणवलीच्या घाटावर बसायचं होतं. लहानपणी वडील तिथं न्यायचे."

त्या वाक्याने आम्हांस झोप लागू दिली नाही. देवीच्या दर्शनास निघालेल्या आम्हांला घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनातील देव दिसला नव्हता. आणि तो तर वाटेवरच होता. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे : आधी माणसे मोजावयाची, मग वाट निवडावयाची. कोणती वाट अधिक पुण्याची, हा प्रश्नच नव्हे. बरोबर येणाऱ्यांतील सर्वांत थकलेल्या पायांस कोणती वाट झेपेल, हा खरा प्रश्न.

घाटाघाटांची वाट : आजी आणि नातवंडांसाठी

ज्यांना चढण झेपत नाही त्यांनी खंती होण्याचे कारण नाही. वाईची पहिली आणि आमच्या मते सर्वांत मोलाची वाट गावातच आहे. सूर्योदयाच्या सुमारास एका घाटावरून निघावे आणि नदीच्या कडेने, आळ्यांतून, देवळांतून सावकाश पुढे जावे. मध्येच कोठे थांबावे लागले, तरी थांबण्यास पायरी आहे, सावली आहे आणि विचारपूस करणारे कोणीतरी आहे.

या वाटेवरील मुख्य दर्शन अर्थातच महागणपतीचे. भव्य आकारामुळे भाविक त्यास प्रेमाने ढोल्या गणपती म्हणतात. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे मंदिर बांधिले. नातवंडांना मंदिराच्या मागील बाजूस अवश्य न्यावे. ती भिंत माशाच्या आकाराची, पाणी कापणारी अशी बांधलेली आहे. पुराचा लोट तिच्यावर आदळला, की दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जातो. देवास नदीकाठी बसवावयाचे, तर नदीचा स्वभावही ओळखावयाचा, हे शहाणपण त्या दगडांत आहे. जवळच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. तेथील काळ्या पाषाणाच्या नंदीच्या गळ्यातील माळा इतक्या बारकाईने कोरल्या आहेत, की लहान मुले त्या हातांनी चाचपून पाहतात.

गंगापुरीत गेल्यावर प्राज्ञपाठशाळेसमोर क्षणभर थांबावे. केवलानंद सरस्वती म्हणजे नारायणशास्त्री मराठे यांच्या तपश्चर्येतून ती उभी राहिली. 'धर्मकोशा'चे प्रचंड कार्य तेथूनच हाती घेतले गेले. त्यांचे शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचे कार्यालयही याच लहानशा गावी आले. वाईस दक्षिणकाशी म्हणतात ते केवळ देवळांच्या संख्येमुळे नव्हे, हे मुलांना येथे सांगता येते.

कृष्णेचे आणखी एक पर्व वाईकरांच्या मनात घर करून आहे. गुरू कन्या राशीत प्रवेश करतो, तेव्हा दर बारा वर्षांनी कृष्णेचे कन्यागत पर्व येते आणि त्या वर्षभर गंगा कृष्णेच्या भेटीस येते, अशी श्रद्धा आहे. मागील पर्व २०१६ मध्ये आले होते. तेव्हा आलेल्या वृद्धांपैकी कितीजण पुढील पर्वास असतील, हे कृष्णामाईच जाणे. म्हणूनच घाटाघाटांची ही वाट 'लहान' म्हणून टाळू नये. ज्यांना ती पुन्हा चालावयास मिळेल की नाही ठाऊक नसते, त्यांना ती सर्वांत मोठी असते.

मेणवली आणि धोम : सहकुटुंब अर्धा दिवस

सर्वांना मिळून जावयाचे, तर नदीच्या प्रवाहाविरुद्ध चालावे. वाईपासून मेणवली सुमारे ३ किलोमीटर. रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंस ऊस, हळद आणि मळे. सकाळी सहाच्या सुमारास निघाले, तर वृद्ध माणूसही थांबत थांबत तासाभरात पोहोचतो. परतीची चाल नको असेल, तर वाहनाची सोय आधीच लावून ठेवावी.

मेणवलीस नाना फडणवीसांचा वाडा आहे आणि त्याच्यामागे कृष्णेवर चंद्रकोरीच्या आकाराचा दगडी घाट आहे. घाटावर शिवाचे आणि विष्णूचे अशी मंदिरे असून एका छोट्या घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती मूळची पोर्तुगीज चर्चमधील. १७०७ हे साल आणि मेरी व बाळ येशू यांची आकृती तिच्यावर आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्या विजयाची ती खूण. दुसऱ्या धर्माची ती आकृती कोणी खरवडून काढली नाही. ती जशी होती तशीच कृष्णाकाठी जपली गेली. मुलांना हे दाखवावे आणि त्यामागील मोठेपणही सांगावे.

मेणवलीहून आणखी चार-पाच किलोमीटर पुढे धोम. धौम्य ऋषींचा हा आश्रम, अशी परंपरा आहे. नृसिंहाच्या मंदिराबरोबरच येथील शिवमंदिर पाहण्यासारखे आहे. शिवासमोरील नंदी कासवाच्या पाठीवर बसविला असून भोवताली कमळाच्या आकाराचे कुंड आहे. कुंडात पाणी भरले, की कासव नंदीस घेऊन तरत असल्याचा भास होतो. पलीकडेच धोम धरणाचा बांध आहे. मेणवलीपर्यंत चालून पुढे धोमपर्यंत वाहनाने जाणे, हे मिश्र कुटुंबास सर्वांत सोयीचे.

पालपेश्वर : थोडी चढण सोसणाऱ्यांसाठी

ज्यांच्या पायांत थोडा जोर आहे, पण गडाची हिंमत नाही, त्यांनी वाईच्या उत्तरेस सुमारे ६ किलोमीटरवरील लोहारे गावाजवळची पालपेश्वराची लेणी निवडावी. ही लेणी मूळची बौद्ध. त्यांतील स्तूप आज पालपेश्वर महादेव म्हणून पूजिला जातो. ज्या शिळेपुढे एके काळी भिक्षू वंदन करीत, तिच्यावरच आज बेलाचे पान वाहिले जाते. देवतेचे नाव बदलले. पण त्या गारव्यात हात जोडणाऱ्या माणसाची भावना किती बदलली असेल, असा विचार तेथे बसल्यावर मनात आल्याशिवाय राहत नाही. डोंगरपायथ्याची ही चाल दहा-बारा वर्षांच्या मुलांना फार आवडते. लेण्यांत मात्र दिवे-उदबत्त्यांनी भिंती काळ्या करू नयेत आणि दगडावर नावे कोरू नयेत.

गडांच्या वाटा : धडधाकट मंडळींसाठी

आता गडांकडे वळू. पांडवगड आणि वैराटगड हे दोन्ही किल्ले शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकात बांधिले, असे मानतात.

पांडवगड ४,१७७ फूट उंच. मेणवलीकडून चढावयास सराईत माणसास अडीच तास लागतात, नवख्यास तीन. वाट उघड्या सोंडांवरून जाते. माघ-फाल्गुनात सकाळी दहानंतर तिच्यावर सावली शोधूनही सापडत नाही. माथ्यावर पांडजाई देवीचे साधे देऊळ, तटाचे अवशेष आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. देवीपुढे नमस्कार करून पूर्वेकडे तोंड केले, की खाली वाई, मागे धोमचा जलाशय आणि समोर वैराटगड असे सारे खोरे एका दृष्टिक्षेपात येते. त्या दर्शनाचे मोल मोठे आहे. पण सकाळी सहाच्या आत पायथा सोडील त्यानेच ते घ्यावे.

वैराटगड ३,९३९ फूट. पायथ्याच्या व्याजवाडीहून दीड तासात माथा गाठता येतो, म्हणून प्रथमच गडावर जाणाऱ्या तरुण मुलामुलींसाठी आम्ही हाच सुचवितो. चढ उभा असला, तरी थोडक्यात आटोपतो. माथ्याच्या किंचित खाली खडकात खोदलेली टाकी आहेत आणि वर वैराटेश्वराचे मंदिर. महाशिवरात्र या उत्सवकाळाच्या जवळपासच येते. त्या दिवशी पहाटे येथे जाण्याइतके सुख नाही.

कमळगड साडेचार हजार फुटांच्या आसपास असून धोम जलाशयाच्या पलीकडे आहे. वाईहून नांदगणे किंवा वासोळे गावापर्यंत वाहनाने जावे आणि तेथून दाट झाडीतून चढावे. नांदगण्याच्या वाटेवर गोरक्षनाथाचे स्थान लागते. माथ्यावर तट-बुरूज फारसे नाहीत. परंतु कावेची विहीर आहे. गेरूच्या तांबड्या खडकात खोल पायऱ्या खोदून केलेल्या त्या विहिरीत उतरले, की भर दुपारीही अंग शहारते. हिच्यासाठी सबंध दिवस हाताशी हवा आणि वाट माहीत असलेला गावकरी बरोबर हवा. झाडीत ढोरवाटा पुष्कळ फुटतात, आणि वाट चुकल्यावर घाबरलेल्या माणसास सगळे डोंगर सारखेच दिसतात.

केंजळगड आणि रायरेश्वर हे एकमेकांचे शेजारी. केंजळगडाच्या माथ्याजवळ खडकात खोदलेल्या पन्नासाहून अधिक पायऱ्यांचा सरळ जिना आहे. रायरेश्वराच्या पठारावर जंगम कुटुंबांची वस्ती असून मध्ये शिवमंदिर आहे. १६४५ मध्ये बाल शिवाजीने सवंगड्यांसह येथेच स्वराज्याची शपथ घेतली, अशी परंपरा आहे. पठारावर चढताना लोखंडी शिडी लागते. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना हे आधीच सांगावे; शिडीच्या मध्यावर हे कळणे कोणाच्याही हिताचे नसते.

मांढरदेव : वाटेइतकाच दिवसही निवडा

वाईपासून सुमारे २० किलोमीटरवर, उंच डोंगरावर काळूबाईचे ठाणे आहे. कित्येक घरांची ती कुलस्वामिनी. पौष पौर्णिमेस तिची मोठी यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजी याच यात्रेत नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवरून माणसे घसरली, मागून रेटा आला, पुढे दुकानांना आग लागली, आणि तीनशेच्या घरात भाविकांनी प्राण गमावले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले पुष्कळ होती. नवस फेडण्यास गेलेली घरेच्या घरे परत आली नाहीत. पुढे न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्या दुर्घटनेची चौकशी केली.

भाविकांची मने दुखवावीत म्हणून आम्ही हे लिहीत नाही. ज्या आईच्या दारी आपण जातो, तिला आपली मुले तुडवली जावीत असे कधीतरी वाटेल काय? नवस फेडावयाचा तो जरूर फेडावा. पण तान्हे मूल कडेवर असेल, घरात वृद्ध किंवा गरोदर स्त्री असेल, तर यात्रेचा मुख्य दिवस सोडून पुढे-मागे कोणताही साधा मंगळवार वा शुक्रवारही टाळून, एखादा निवांत दिवस निवडावा. गर्दीत क्षणभर झालेल्या ओझरत्या दर्शनापेक्षा निवांतपणे देवीपुढे बसून घेतलेले दर्शन कमी फलदायी असते, असे कोणते शास्त्र सांगते? यात्रेच्या दिवशीच जाणे भाग असेल, तर धडधाकट माणसाने घरच्या सर्वांच्या वतीने जावे आणि प्रसाद घरी आणावा.

हाच विवेक बावधनच्या बगाडाच्या दिवशीही हवा. रंगपंचमीस भैरवनाथाचे बगाड कृष्णाकाठच्या सोनेश्वराहून शेतांतून ओढत गावात आणतात. तो सोहळा पाहण्यासारखा आहे. परंतु बैलांच्या वाटेत आणि बगाडाच्या चाकांजवळ मुलांना नेऊ नये. दुरून, बांधावरून पाहावे. तेथूनही तो पुरेपूर दिसतो.

निघण्यापूर्वी

वाट कोणतीही असो, काही गोष्टी सर्वांनाच सारख्या लागू आहेत. माघ-फाल्गुनात सकाळ थंड असते, म्हणून माणूस फसतो आणि पाणी कमी घेतो. गडावर जाणाऱ्या प्रत्येकाने निदान दोन-तीन लिटर पाणी आपल्या खांद्यावर घ्यावे. टाक्यांत पाणी दिसले, तरी ते पिण्याजोगे असेलच असे नाही. गूळ-शेंगदाणे, भाकरी, लिंबू-मीठ जवळ असावे. उपवासाच्या दिवशी गड चढूच नये. चढावयाचाच असेल, तर राजगिरा, खजूर, ताक असे काही पोटात असावे. निर्जळी उपवास करून उन्हात चढणे हे व्रत नव्हे, तो देहाशी केलेला अन्याय आहे.

कड्यांवर आणि जुन्या तटांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्याजवळ धूर, उग्र अत्तर, फटाके, आरडाओरडा यांपैकी काहीही चालत नाही. धूप-उदबत्ती देवळाच्या गाभाऱ्यात लावावी, कड्यावर नव्हे. आणि निघताना ती विझली आहे याची खात्री करावी. फाल्गुनात डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असते. एका ठिणगीने पेटलेला वणवा पाखरांची घरटी, गुरांची वैरण आणि रोपटी एका रात्रीत खाऊन टाकतो.

निर्माल्य नदीत टाकू नये. ज्या आईचा उत्सव आपण मांडतो, तिच्याच अंगावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फुले फेकावीत, याहून मोठी विसंगती कोणती? ते घरी परत आणून झाडाच्या मुळाशी घालावे.

आणि शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे : निघण्यापूर्वी घरातील प्रत्येकास, वयाने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माणसास विशेषतः, "तुम्हांला कुठे जायचे आहे?" असे विचारावे. उत्तर येईपर्यंत थांबावे. आपल्याकडील वडील मंडळी, आणि घरातल्या बायका तर अधिकच, "तुम्ही म्हणाल तिथे" असे म्हणण्यास सरावलेल्या असतात. तेवढ्यावर समाधान मानू नये.

एकच वाट, दोन दर्शने

त्या चुकीच्या पुढील वर्षी आम्ही बेत पुन्हा पांडवगडाचाच केला. पण निराळ्या रीतीने. पहाटे पाचला सारे मिळून निघालो आणि दिवस उगवावयाच्या सुमारास मेणवलीच्या घाटावर पोहोचलो. तेथे आत्याबाई, दोघी सुना आणि लहान मुले पायऱ्यांवर बसली. आत्याबाईंनी पाय पाण्यात सोडले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आता तुम्ही वर जा. मी इथं आहे." आम्ही तरुण मंडळी गडावर गेलो, पांडजाईचे दर्शन घेतले आणि खाली आलो, तेव्हा आत्याबाई नातवंडांना घंटेची गोष्ट सांगत होत्या आणि सुनांनी पिठले-भाकरीची शिदोरी उघडली होती. आम्ही वरून पाहिलेले खोरे त्यांना सांगितले. त्यांनी आपल्या वडिलांच्या बोटास धरून पाहिलेला घाट आम्हांस सांगितला. कोणाचे दर्शन मोठे होते, हे ठरविण्याची गरज कोणास वाटली नाही.

आता आत्याबाईंच्याने मेणवलीपर्यंतही चालवत नाही. उत्सवात त्या आमच्या आळीच्या घाटावर खुर्ची टाकून बसतात, कृष्णाबाईची ओटी भरतात आणि डोंगरावरून परतणाऱ्या प्रत्येकास "कोणत्या वाटेनं गेला होतात?" असे विचारतात. आम्ही वाट सांगितली, की त्यांचा पुढील प्रश्न ठरलेला असतो : "सगळ्यांना विचारलं होतंत ना?"

कृष्णामाई सह्याद्रीच्या माथ्यावरून निघते. पण ती पूजिली जाते ती गावागावांच्या काठी, जिथे दमलेले माणूस खाली वाकून ओंजळ भरू शकते तिथे. या उत्सवात ज्यांचे पाय समर्थ आहेत त्यांनी अवश्य गड चढावेत, देवींची दर्शने घ्यावीत, खोरे डोळे भरून पाहावे. मात्र निघताना घरातील कोणीही मागे, उन्हात, एकटे राहणार नाही, एवढे पाहावे. तेवढे पाहिले, तर कोणतीही वाट निवडा, ती कृष्णाबाईकडेच जाते.